बेटावरचे बिऱ्हाड

भाडेकरूंनी लिहिलेले वाङ्मय असा एक निराळा प्रकार मानावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. आपण त्याला सरसकट प्रवासवर्णन म्हणतो. पण प्रवासी आणि भाडेकरू यांत मोठे अंतर आहे. प्रवासी आज इथे, उद्या तिथे. त्याला देऊळ दिसते, किल्ला दिसतो, सूर्यास्त दिसतो. भाडेकरू चूल मांडतो. नळाला पाणी किती वाजता येते, पावसात कोणती भिंत ओल धरते, पाव कोणाकडचा चांगला आणि वाणी वजनात किती मारतो, हे त्याला आठ दिवसांत कळते. आणि मुख्य म्हणजे त्याला घरमालक असतो.

भाडेकरू म्हणजे काय, हे मराठी वाचकाला शिकवायला नको. पागडी, पोटभाडेकरू, सामाईक नळ या शब्दांच्या सोबतीने आपल्या दोन पिढ्या वाढल्या. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली, याचे एक कारण हेच की, तिच्यातल्या बिऱ्हाडांत प्रत्येकाला आपले बिऱ्हाड सापडले. पण तो भाडेकरू जन्माचा. मला आज बोलायचे आहे ते हंगामी भाडेकरूविषयी. पदरचे पैसे मोजून, हौसेने, भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर बंगला घेणारा आणि घरी परतल्यावर त्या बेटावर पुस्तक लिहिणारा असा हा भाडेकरू. अशा पुस्तकांचे युरोपात एक दालनच आहे. त्यांतली तीन-चार मी वर्षानुवर्षे आवडीने वाचत आलो. गेल्या वर्षी ती पुन्हा वाचताना माझे मत हलले. ते का हलले, हे सांगण्यासाठी हा लेख.

गेल्या मे महिन्यात मुलीने आणि जावयाने कॉर्फू बेटावर आठ दिवसांसाठी एक बंगला घेतला आणि आम्हा दोघांनाही बरोबर नेले. कॉर्फू हे ग्रीसच्या पश्चिमेचे हिरवेगार बेट. चार शतके तिथे व्हेनिसचे राज्य होते. त्यांनी लोकांना ऑलिव्ह लावायला उत्तेजन दिले, म्हणून डोंगरच्या डोंगर ऑलिव्हने झाकलेले. पुढे १८१५ ते १८६४ इंग्रज होते. ते जाताना क्रिकेट ठेवून गेले. आमचा बंगला ईशान्य किनाऱ्यावर होता. समोर निळी सामुद्रधुनी आणि पलीकडे अल्बानियाचे उघडे डोंगर. दाराशी आकड्यांची एक लहानशी पेटी. फोनवर आलेले आकडे फिरवले की आतली किल्ली हाती येई. घरमालक नावाचा मनुष्य आम्ही पाहिला नाही. मला ती सोय मोठी आवडली. निम्मा जन्म घरमालकाच्या जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेण्यात गेलेल्या माणसाला ती आवडावी, यात नवल नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी गेले. मुलीने फोनवर तक्रार केली. मी तिला आणखी दोन कडक वाक्ये सुचवली. तासाभराने स्कूटरवरून एक म्हातारे गृहस्थ आले. परसात पंप होता, त्याच्याशी ते बराच वेळ झटले. नात त्यांच्यामागून गेली आणि ओंजळभर पिवळीधमक लोकाटची फळे घेऊन परत आली. आम्ही कॉफी विचारली, ती त्यांनी हाताने नको म्हटली; पण जाताना ओसरीवरची एक तिरकी झालेली कुंडी त्यांनी सहज सरळ केली. त्या एका हालचालीने मी चमकलो. कामावर आलेला मनुष्य असे करीत नाही. ज्याची कुंडी असते तो करतो. संध्याकाळी मुलीने चौकशी केली. घर त्यांचेच होते. हंगामात ते भाड्याने द्यायचे आणि नवराबायकोंनी मागच्या बागेतल्या दोन खोल्यांत राहायचे, असा त्यांचा क्रम होता. आपल्या कोकणात, गोव्यात समुद्राकाठची कितीतरी कुटुंबे आता हेच करतात. ओटी-माजघर पाहुण्यांना, आपण पडवीत.

त्या रात्री बॅगेतली पुस्तके काढली. ती सगळी मला पाठ होती असे मी समजत होतो. पण या खेपेस वाचताना एकच प्रश्न मनात होता: या घराचा मालक कुठे आहे?

या दालनातले मानाचे पान जॉर्ज सँडच्या 'मायोर्कातला हिवाळा' या पुस्तकाचे. पुरुषी नावाने लिहिणारी ही फ्रेंच लेखिका १८३८ च्या नोव्हेंबरात मायोर्का बेटावर उतरली. बरोबर पंधरा वर्षांचा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि छातीच्या विकाराने खंगलेला संगीतकार शोपँ. हवापालट हा हेतू. पाल्मा शहरात धड उतारा मिळेना, म्हणून जवळच्या एका खेड्यात त्यांनी एक बंगला भाड्याने घेतला. बंगल्याचे नाव 'वाऱ्याचे घर', आणि ते अन्वर्थक निघाले. थोडे दिवस स्वर्ग होता. मग पाऊस लागला. भिंती पाणी पिऊन फुगल्या. घरात धुराडे नाही, म्हणून शेगडीत निखारे पेटवावेत तर धुराने शोपँला खोकल्याची उबळ येई. डॉक्टर झाले, क्षयाची कुणकुण गावभर झाली आणि घरमालक गोमेझ याने घर सोडायला सांगितले. नुसते सोडायला नव्हे. भिंतींना नव्याने सफेदी करावी लागेल, रोग्याचे अंथरूण-पांघरूण जाळावे लागेल, त्याचेही पैसे भरा, असे बजावले. डिसेंबरच्या मध्यावर ही मंडळी डोंगरातल्या वाल्देमोसा गावी, साधूंनी तीन वर्षांपूर्वी रिकाम्या केलेल्या मठात राहायला गेली. तिथल्या तीन खोल्यांत शोपँने आपली 'प्रिल्यूड्स' पुरी केली. पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीत अडकून पडला होता. तो जानेवारीत पोचला, आणि फेब्रुवारीत सगळ्यांनी बेट सोडले.

सँडचे हे लेखन १८४१ साली नियतकालिकातून आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आले. तिची लेखणी समर्थ आहे, याविषयी वाद नाही. मठाच्या ओवऱ्यांतला रात्रीचा वारा, डोंगरउतारावरचे ऑलिव्हचे पिळवटलेले बुंधे, पाऊस थांबल्यावर एकाएकी उघडणारे आकाश, ही वर्णने आजही ताजी आहेत. पण माणसे आली की तीच लेखणी विष ओकू लागते. बेटावरचे लोक लबाड, आळशी, चोर, माकडांसारखे. तेलाला वास, अन्नात जिकडेतिकडे डुक्कर. जहाजावर उतारूंपेक्षा डुकरांचा मान मोठा. वाचताना हसू येते, हे मी नाकारत नाही. एके काळी मी ही पाने मित्रांना मोठ्याने वाचून दाखवीत असे.

तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परमुलखात, पावसाळ्यात, दोन मुले आणि एक आजारी मनुष्य घेऊन ती बाई घराबाहेर काढली गेली. अशा वेळी आपण काय केले असते? पण समीक्षेला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. घरमालक खरोखर चुकला होता काय? त्या काळी पॅरिसचे वैद्य क्षयाला सांसर्गिक मानीत नव्हते. स्पेनमध्ये मानीत, आणि त्याप्रमाणे तिथले निर्बंधही होते. सँडला ही अडाणी भीती वाटली. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दिला, तेव्हा मायोर्काचा घरमालक बरोबर ठरला आणि पॅरिस चूक ठरले. त्याची रीत कठोर होती. समज खोटी नव्हती. वाल्देमोसाच्या गावकऱ्यांचेही तसेच. ही मंडळी चर्चमध्ये पाऊल टाकीत नसत, आणि बाईचे व त्या रोग्याचे नाते काय, ते कुणाला उमगत नसे. शंभर वर्षांमागे आपल्या एखाद्या खेड्यात असे बिऱ्हाड आले असते, तर त्याला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नसते. गंमत अशी की, सँड ते नाते पुस्तकातही सांगत नाही. शोपँचे नाव त्यात एकदाही येत नाही. तो सर्वत्र नुसता 'रोगी' आहे. स्वतःच्या घराचे दार लावून घ्यायचे आणि शेजाऱ्याच्या दाराआड काय चालते त्याचे मात्र पुस्तक करायचे, हा काही न्याय नव्हे. एका घरमालकाशी बिनसले, आणि तिने त्या घरमालकाचे बेट करून टाकले. माझ्या मते या पुस्तकातला खरा दोष हाच आहे. राग हा दोष नव्हे; साहित्यात राग चालतो. पण राग ज्या माणसावर, तो मनुष्य पानावर उभा राहिला पाहिजे. गोमेझ उभा राहत नाही.

बेटानेही उत्तर दिले. होसे मारिया क्वाद्रादो नावाच्या विशीतल्या मायोर्की लेखकाने १८४१ मध्येच पाल्माच्या एका साप्ताहिकात सँडचा समाचार घेतला. शेवटी त्याचाही तोल सुटतो आणि तो बाईच्या शीलावर घसरतो, हे खरे. तरीही ते वाचले पाहिजे. पुढे मायोर्कातच स्थायिक झालेला इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज याने १९५६ साली सँडच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा त्याने हे उत्तरही त्यात छापले. भाडेकरूचे म्हणणे आणि मालकाचे म्हणणे एका बांधणीत! ग्रेव्ह्‌जची ही कृती मला शंभर टीकालेखांपेक्षा शहाणपणाची वाटते.

त्याच १९५६ साली या प्रकारातले सर्वांत लाडके पुस्तक निघाले: जेराल्ड डरेलचे 'माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स'. या कुटुंबाशी आपले एक दूरचे नाते आहे. जेराल्डचा जन्म १९२५ साली जमशेदपूरचा, थोरला भाऊ लॉरेन्स जालंदरचा, आई रुरकीची. इंजिनियर वडील १९२८ साली वारले, कुटुंब इंग्लंडला गेले, तिथली थंडी मानवेना, आणि १९३५ साली सर्वांनी कॉर्फू गाठले. पुस्तकाचे तीन भाग म्हणजे भाड्याचे तीन बंगले. एक गुलाबी, एक पिवळा, एक पांढरा. पहिला बंगला मिळण्यात अडचण न्हाणीघराची. स्पायरो हा टॅक्सीवाला ती दूर करतो आणि मग साऱ्या घराचा कर्ताच होऊन बसतो. दुसरा बंगला लॉरेन्सने आमंत्रण दिलेल्या मित्रांना जागा हवी म्हणून. तिसरा, नको असलेल्या आजीबाईंना जागा नाही असे सांगता यावे म्हणून. घर बदलण्याची याहून सुंदर कारणे मी कोणत्याही वाङ्मयात वाचलेली नाहीत. माझ्या मुलांना हे पुस्तक मी उन्हाळ्याच्या सुट्टीत, पंख्याखाली, मराठी करून सांगितले होते.

या खेपेस मात्र मनाला खटकत गेले. तिन्ही बंगल्यांचे मालक जवळजवळ अदृश्य आहेत. लुगारेत्झिया ही कामवाली केवळ आपल्या दुखण्यांच्या रडगाण्यासाठी येते. तिचे घर कुठले, पोरेबाळे किती, काही कळत नाही. शिवाय लेखकाने स्वतःच्या कुटुंबातही काटछाट केली आहे. प्रत्यक्षात लॉरेन्स आणि त्याची पत्नी नॅन्सी बराच काळ वेगळ्या घरात राहत. पुस्तकात नॅन्सी नाहीच, आणि लॉरेन्स आईच्या घरात बसून सर्वांना हुकूम सोडतो आहे. गंमत म्हणजे लॉरेन्सनेही कॉर्फूवर पुस्तक लिहिले, 'प्रॉस्पेरोज सेल', १९४५ मध्ये. त्यात नॅन्सी आहे, पण आई-भावंडे जवळपास गायब. एकाच बेटावर, एकाच वेळी राहून दोन भावांनी परस्परांची बिऱ्हाडे पुसून टाकली.

मग माझे आवडते पुस्तक पडले काय? त्या रात्री मला तसे वाटले, आणि वाईट वाटले. चाळीस वर्षांचा स्नेह एका पंपापायी तुटतो की काय! पण दुसऱ्या दिवशी पुढे वाचत गेलो आणि ध्यानात आले की, मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. घरातली मोठी माणसे भाडेकरू आहेत. दहा वर्षांचा जेरी भाडेकरू नाही. तो सकाळी उठून कुत्र्याला घेऊन बाहेर पडतो तो बेटावर जातो. सरूच्या झाडाखाली झोपू नये म्हणून बजावणारा म्हातारा मेंढपाळ यानी, सूत कातता कातता गाणी शिकवणारी आगाथी, दोऱ्याला सोनेरी भुंगे बांधून विकणारा आणि ज्याच्याकडून पहिले कासव घेतले तो मुका फेरीवाला, रविवारच्या सुटीवर सोडलेला एक खुनी कैदीसुद्धा. या सर्वांच्या अंगणात तो बसतो, त्यांचे खातो, त्यांच्या तोंडून ग्रीक शिकतो. ही माणसे त्याचे गुरू आहेत. त्यांच्याकडे तो वर पाहतो, खाली नव्हे. हसू येते ते मोठ्यांच्या बंगल्यात. अंगणात येते ते प्रेम. म्हणून हे पुस्तक टिकले आणि टिकेल. सँडकडे सगळे होते, बुद्धी, भाषा, अनुभव. पण तिच्या पुस्तकात कोणाच्या अंगणात बसणे नाही.

थोरल्या भावाचे घर आमच्या बंगल्यापासून फार लांब नव्हते. कलामी या कोळीवाड्यात, अगदी पाण्यावरच्या खडकावर ते पांढरे घर आजही आहे. खाली खाणावळ, वर हौशी मंडळींना भाड्याने. लॉरेन्स राहत असे तेव्हा घरमालक कोळ्याचे कुटुंब त्याच घराच्या दुसऱ्या भागात होते. भिंतीपलीकडे मालकाचा संसार, या शेजाराचा फायदा 'प्रॉस्पेरोज सेल'ला झाला आहे. पण लॉरेन्सला भाडेकरूपणाची खरी किंमत कळली ती सायप्रसमध्ये. १९५३ साली तो तिथे गेला, आधी पानोस नावाच्या ग्रीक शाळामास्तराकडे राहिला, मग बेलापाइस गावी त्याने घरच विकत घेतले. 'बिटर लेमन्स' या १९५७ च्या पुस्तकातला घरखरेदीचा प्रसंग विनोदी लेखनाचा नमुना म्हणून वाचावा. पण १९५५ मध्ये इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा सुरू झाला. लॉरेन्स सरकारी प्रसिद्धिखात्यात नोकर होता. पुस्तकाच्या अखेरीस पानोस गोळीला बळी पडतो, आणि निरोपाला आलेल्या लेखकाशी गावात कोणी बोलत नाही. घराचे कागद त्याच्या नावावर आहेत, तरी तो परकाच. विकत घेतल्याने मनुष्य मालक होतो. गावचा होत नाही. हे सांगणारे पान या दालनातले सर्वांत प्रामाणिक पान आहे.

हा सगळा जुन्या पुस्तकांचा प्रश्न असता, तर दिवाळीच्या दिवसांत मी तो उकरला नसता. पण भाड्याचे बेट आता फक्त लेखकांचे राहिलेले नाही. पाल्मा नगरपालिकेने २०१८ मध्ये शहरातले फ्लॅट प्रवाशांना भाड्याने देण्यावर बंदी घातली. तरीही जुलै २०२४ मध्ये हजारो मायोर्कावासी पाल्माच्या रस्त्यावर उतरले. घरे पाहुण्यांना जातात आणि आम्हाला राहायला परवडत नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे. क्वाद्रादोने लेखणीने दिलेले उत्तर त्यांचे पणतू पायांनी देत आहेत. आणि त्याच बेटावर, वाल्देमोसाच्या मठात, त्यांना माकडे म्हणणारे पुस्तक नाना भाषांत विकायला ठेवलेले असते. पोट कोणाला चुकले आहे!

हल्ली प्रत्येक भाडेकरू समीक्षक झाला आहे, हेही खरे. घर सोडले की फोनवर विचारणा येते: घर कसे वाटले? पाचांपैकी तारे किती? आम्हालाही आली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही लिहा. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहिलंत." पाण्याचे लिहू काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "एक तारा गेला, तर त्यांचं पुढचं गिऱ्हाईक जाईल." जन्मभर मी पुस्तकांना कमी-अधिक गुण दिले, पण एक गुण कमी दिल्याने कोणा म्हाताऱ्याचा हंगाम बुडेल, असा विचार करण्याची पाळी कधी आली नव्हती.

बराच वेळ बसलो. पाणी गेले होते ते खरे, ते मी लिहिले. घराचा मालक स्वतः तासाभरात आला आणि त्याने ते आणून दिले, तेही लिहिले. समुद्र, डोंगर, ऑलिव्ह यांविषयी काही लिहिले नाही. ते घरभाड्यात येत नाहीत. मग नातीला विचारले, तुला काय लिहायचे? तिने क्षणभर विचार केला आणि सांगितले, "लोकाटचं झाड मागच्या खोल्यांपाशी आहे. आजोबा स्वतः तोडून देतात." ते वाक्य मी तसेच शेवटी घातले. माझ्या साऱ्या लेखनात तेवढे एक वाक्य भाडेकरूचे नाही.